मिटल्या डोळ्यांची निवडणूक

"खांबावर चढणं वेगळं आणि पंच होणं वेगळं, दगडोबा," शमुवेल सर म्हणाले. बिनसाखरेचा चहा त्यांनी असा बाजूला सरकवला, जणू त्यांचा मधुमेह दगडोबानेच घडवून आणला होता.

"व्हय सर," दगडोबा म्हणाला. "खांबावर चढायच्या आधी लाइन बंद हाय का बघावं लागतं. पंचाला काई बी बघावं लागत न्हाई."

दगडोबा वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला. बाप्तिस्म्यात त्याचं नाव दानिएल ठेवलं होतं. ते नाव चर्चच्या दप्तराबाहेर कोणी वापरलं नाही. घरची खुर्ची मात्र एकच होती आणि तिच्यावर सर बसले होते.

"फॉर्म मागे घे. रविवारच्या उपासनेपर्यंत मुदत आहे. मंडळीत फूट नको."

आखाडा बाळापूरच्या चर्चच्या मंडळीत फूट नव्हती असा काळ कोणाला आठवत नव्हता. पंख्याखाली सरांची माणसं बसत, खिडकीकडे उरलेली. कापणीच्या सणाला कोणाचा भोपळा वेदीच्या जवळ ठेवला गेला यावरून दोन घरांची सोयरीक मोडली होती. एकमेकांवर प्रीती करा, या वचनावर सरांनी पाच वेळा संदेश दिला होता आणि पाचही वेळा त्यांची नजर खिडकीकडे होती.

पंच म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी पाच माणसं. उपासना चालवणारे पाळकसाहेब येतात, तीन-चार वर्षांनी बदलून जातात. पंच कुठे जात नाहीत. यंदा चार जागांवर सरांचीच माणसं बिनविरोध आली होती. पाचव्या जागेवर खुद्द सर उभे होते, आणि त्यांच्याविरुद्ध, कोणी स्वप्नातही विचार केला नव्हता असा, दगडोबा.

कारण नांदेड रोडवरच्या दफनभूमीचं होतं. तिची भिंत आत घ्यायची आणि पुढे दुकानांचे गाळे काढायचे, असं सरांच्या मनात होतं. भिंत आत घेतली की कबरींची पहिली रांग बाहेर पडणार. तिच्यातली माणसं 'सन्मानाने' मागे हलवायची, हा शब्द सरांचा. त्या रांगेत मनकर्णा होती, दगडोबाची बायको. ती गेली तेव्हा मागच्या कडुलिंबाच्या सावलीत जुन्या घराण्यांची माणसं झोपलेली होती. खेड्यातून आलेल्यांना रस्त्याकडची, धुरळ्याची जागा मिळाली. पुढे रस्ता चौपदरी झाला आणि मंडळीतल्या सर्वांत गरीब माणसांना सर्वांत मोक्याची जागा देऊन बसल्याचं पंचांच्या ध्यानात आलं.

दफनभूमीला हात लावायचा तर पाचही पंचांचं एकमत लागतं, असा जुना नियम आहे. म्हणजे एक माणूस 'न्हाई' म्हणाला तरी बस. दगडोबाला तेवढंच म्हणायचं होतं.

"काहून मागं घेऊ?" त्याने विचारलं.

आतल्या खोलीच्या पडद्याकडे पाहून सर आवाज चढवून म्हणाले, "प्रतिक्षा कशी आहे? शाळेत रमली ना? जूनमध्ये नवीन ऑर्डर निघायची असेल."

ती ऑर्डर सरच काढत. शाळेची संस्था त्यांची, सही त्यांची, आणि दगडोबाची मुलगी प्रतिक्षा तिथे दरवर्षी नव्याने नेमली जाणारी कंत्राटी शिक्षिका. पडद्याआड भांडी घासण्याचा आवाज थांबला.

"चांगली मुलगी आहे," सर उठत म्हणाले. "प्रार्थनेत आठवण ठेवतो तिची."

ते गेल्यावर दगडोबाने खुर्ची पुसली. त्याला स्वतःलाच हसू आलं, पण पुसली.

"आबा," प्रतिक्षा पडद्यातून म्हणाली, "आईला तिथं नाहीतर मागं... काय फरक पडतो?"

"तिला न्हाई पडत, माय."



आता इथल्या मतदानाविषयी. चिठ्ठ्या टाकल्या तर मागाहून अक्षर ओळखून भांडणं होतात, म्हणून फार पूर्वीच्या एका पाळकाने पद्धत घालून दिली: सगळ्यांनी डोळे मिटायचे, मान झुकवायची, आणि प्रार्थनेच्या त्या अवस्थेत हात वर करायचा. मोजणारे एकटे पाळकसाहेब. कोणी कोणाला मत दिलं ते फक्त देवाला कळावं. पद्धत उत्तम होती. तेव्हापासून आजपर्यंत मतदानाच्या वेळी एकाही सभासदाचे डोळे पूर्ण मिटलेले नव्हते. बायका पदरातून बघत, पुरुष बोटांच्या फटीतून. निवडणुकीनंतर आठवडाभर निम्म्या मंडळीच्या माना आखडलेल्या असत.

रविवारी सर काळा चष्मा लावून आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन वर्षं उलटली होती.

"बघ, बघ," भागूबाई दगडोबाच्या कानाशी लागली. भागूबाई खिडकीकडच्या बाजूची सर्वांत म्हातारी बाई. दगडोबाचा अख्खा प्रचार म्हणजे ती एकटी. "कसा हिरो बनून आला मुडदा! दगड्या, तू बी एक चष्मा आणायचा व्हता ना बे."

"मला काय करायचा, मावशी? मी डोळे झाकणार हाय."

"झाक, झाक. तुला आयुष्यभर दुसरं काय जमलं?"

उमेदवारांनी वेदीच्या बाजूच्या बाकावर मंडळीकडे तोंड करून बसायचं असतं. दोघांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सर सेवा, समर्पण आणि विकास या विषयांवर बोलले. विकास म्हणताना त्यांनी नांदेड रोडच्या दिशेला हात केला. मग दगडोबा उठला.

"भावांनो, बहिणींनो, डोळे झाका म्हंजे झाका. बस." आणि खाली बसला.

पंख्याखालून कोणीतरी खुदकन हसलं. "लाइनमनचं भाषण बी शॉर्टच," एक आवाज आला. "शॉर्टसर्किट!" दुसरा म्हणाला.

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. नव्वद माणसांनी माना खाली घातल्या आणि नजरा वर केल्या. दगडोबाने खरोखर डोळे मिटले.

"ज्यांना शमुवेल सर पंच म्हणून हवे असतील त्यांनी हात वर करावेत."

कपड्यांची सळसळ झाली. कोणाची तरी बांगडी वाजली. आणि त्याच क्षणी लाइट गेली.

आपल्याकडे लाइट जाणं ही काही घटना नव्हे. पंखा कुरकुरत थांबला, एवढंच. पण तीस-पस्तीस वर्षं पंखा थांबला की लोकांनी दगडोबाचं दार वाजवलेलं होतं. त्याचे डोळे त्याला न विचारता उघडले आणि सवयीने पंख्याकडे गेले. पंख्यावरून खाली येताना वाटेत त्याला प्रतिक्षा दिसली.

ती तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने डोळे घट्ट, पापण्यांना सुरकुत्या पडतील इतके घट्ट मिटले होते. अख्ख्या चर्चमध्ये तेवढीच एक डोळे मिटून होती. तिचा उजवा हात वर होता. बाकावर दगडोबाच्या शेजारी सरांचा काळा चष्मा तिच्याच दिशेला स्थिर होता.

दगडोबाने डोळे पुन्हा मिटले. पुढे त्याच्या नावाची पाळी आली, हात वर झाले, खाली गेले. आमेन म्हटलं गेलं तरी त्याने डोळे उघडले नाहीत. शेवटी पाळकसाहेबांनाच त्याच्या खांद्याला हात लावावा लागला.

सर दोन मतांनी निवडून आले. "ही प्रभूची इच्छा," ते म्हणाले. हार आधीच आणलेला होता.

बाहेर पायऱ्यांवर भागूबाईने त्याला गाठलं. तिचे डोळे लाल झाले होते, रडून की ताणून ते सांगता येत नव्हतं.

"दोन मतांनी गेलं रे! एक हात तिकडून इकडं आला असता तर बराबरी झाली असती, चिठ्ठी काढावी लागली असती. सांगू का तुला कोणी दगा दिला ते?"

"नको."

"तुझ्या घरातलंच हाय..."

"मावशी, माझे डोळे झाकलेले व्हते."

"मंग बाकीची मंडळी काय आंधळी व्हती? समद्यांनी बघितलं! पोटची पोरगी अन्..."

"समद्यांनी बघितलं," दगडोबा शांतपणे म्हणाला, "म्हंजे समद्यांनी नियम मोडला. तुमी बी." आणि चपला घालून चालू लागला. भागूबाईने मागून त्याला दोन शिव्या दिल्या. त्यातली एक चर्चच्या पायऱ्यांवर देण्यासारखी नव्हती.

घरी प्रतिक्षाने ताट वाढलं. वरणावर तूप घातलं, मग आणखी घातलं. तो जेवत असताना ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"आबा, लाइट गेली तेव्हा..."

"गेली व्हती का?" दगडोबाने भाकरी मोडली. "मला कळलंच न्हाई."

प्रतिक्षाने त्याच्याकडे बघितलं. गावात कुठेही फ्यूज उडाला तरी झोपेतून उठून बसणारा माणूस भाकरीकडे बघत होता. ती आत गेली. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला.

सरांना घाई होती. त्याच आठवड्यात दफनभूमीत चुन्याची रेघ ओढली गेली. रेघ मनकर्णाच्या पायथ्यापासून नव्हे, उशापासून गेली होती. म्हणजे ती पूर्ण बाहेर.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर प्रतिक्षा परस्पर तिकडे आली. दगडोबा विळा घेऊन बसला होता. लोखंडी अँगल जोडून त्याने स्वतः केलेला क्रूस वेड्या बाभळीने झाकला होता.

"आता कशाला साफ करता, आबा? हलवायचीच आहे ना?"

"पाहुणे यायचे म्हणल्यावर तिला घर झाडलेलं लागायचं. ती फांदी वर धर बरं जरा. काटे हायेत, संभाळून."

तिने हात वर करून फांदी धरली. दगडोबा खाली वाकून गवत काढत राहिला. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर कर्णकर्कश गाणी लावून जात होते. त्याने क्रूस पुसला, नावावरचा धुरळा पुसला, मग विळा बाजूला ठेवला.

"झालं. सोड आता."

तिने ऐकलं नसावं. मनगटावरून रक्ताची बारीक रेघ कोपराकडे उतरली होती, पण हात तसाच वर होता.

दगडोबाने पुन्हा सांगितलं नाही. त्याने विळा उचलला आणि साफ झालेल्या जागेवर आणखी थोडा वेळ गवत शोधत राहिला.