पारण्याच्या सकाळी, अर्पितच्या मनगटावर

मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. माझी काच ओरखडली आहे आणि पट्टा तिसऱ्यांदा बदलला आहे. मित्रांनो, मला किल्ली द्यावी लागत नाही. हात हलला की माझ्या पोटातले चक्र फिरते आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. माझा मालक जितका राबेल तितकी माझी चंगळ. तरीही मी जे सांगणार आहे ते वेगळेच आहे.

एका कारखान्यात मी जन्मले आणि अकोल्याच्या दुकानात काचेमागे पडून राहिले. मुलगा अर्पित वैमानिक झाला तेव्हा कारंज्याचे कापड व्यापारी घेवरचंद यांनी मला विकत घेतले आणि त्याच्या मनगटावर बांधले. सुरुवातीला तो मला रोज रुमालाने पुसायचा. पुढे त्याला स्वतःचे तोंड धुवायलाही सवड उरली नाही, मग मला पुसायला कुठून असणार?

कारण होते विमान कंपनीची योजना. वैमानिकांपुढे दोन वाटा होत्या. एक, कंपनी देईल त्या सुट्ट्या आणि ठरलेला पगार. दुसरी, मागाल ती सुट्टी. मात्र सुट्टीत बोलावणे आले तर जायचे आणि त्या तासांचे जादा पैसे घ्यायचे. महिन्यात एक नकार चालायचा. दुसरा दिला की वर्षभरासाठी योजनेतून नाव कमी. अर्पितने दुसरी वाट धरली. जादा पैशांतून कारंज्याच्या दुकानावर मजला चढू लागला.

माझी पाठ त्याच्या नाडीला टेकलेली असते. ती नाडी कशी पळू लागली, ते मला आधी कळले.

यंदा पर्युषणात पानाबाईंनी, म्हणजे अर्पितच्या आईने, आठ दिवसांचा उपवास धरला. दिवसा उकळलेले पाणी, बाकी काही नाही. पारणे मुलाच्या हातून व्हायचे होते. त्या दिवसाची सुट्टी अर्पितने आधीच मागून ठेवली होती आणि ती टिकावी म्हणून आलेले एक बोलावणे परतवून महिन्याचा नकारही वापरून टाकला होता. आदल्या रात्री विमान उशिरा नागपूरला उतरले. तिथून तो स्वतः गाडी चालवत पहाटे घरी आला आणि आईच्या खाटेशी टेकला. तेवढ्यात फोन वाजला. त्याने तो कानाशी धरला, म्हणून मला दोन्हीकडचे ऐकू येत होते.

"सर, रोस्टर विभागातून राखी बोलतेय. एक कॅप्टन आजारी आहेत. दुपारचे नागपूरहून सुटणारे विमान घ्याल?"

"हो म्हन," घेवरचंद दारातून म्हणाले. "पारनं करून निघ. स्लॅबवाले सोमवारी येऊन राह्यले."

"रातभर गाडी चालवली त्यायनं, बाबूजी," त्याची बायको चंदना म्हणाली.

"मंग काय झालं? ईमान तं आपोआप चालते म्हनतेत."

"आपोआप चालते तं तुमीच जा मंग. टोपी देऊ का त्यायची?"

घेवरचंद दारातून हलले नाहीत.

"सर," राखी म्हणाली, "नियमाप्रमाणे विचारते. विश्रांती पुरेशी झाली आहे ना?"

कागदावर झाली होती. विमान उतरल्यापासूनचे सगळे तास कंपनीच्या लेखी विश्रांतीचे होते. त्यातले किती रस्त्यावर गेले, हे तिला दिसणार नव्हते. 'हो' म्हटले की जादा पैसे, मजला आणि वर्षभर मागेल ती सुट्टी, सगळे शाबूत राहणार होते. त्या 'हो'वर दुपारी विमानभर माणसे बसणार होती. माझ्या पाठीखाली नाडी धडधडत होती.

पानाबाईंनी डोळे उघडले. आवाज जेमतेम निघत होता.

"झोपला कवा तू?"

अर्पितने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"मी इचारून राह्यली, कवा झोपला?"

"सर, लाइनवर आहात ना?"

अर्पितने ओठ ओले केले. "आहे. विश्रांती झालेली नाही. मी रात्रभर गाडी चालवलीय. आज विमान चालवायच्या लायकीचा नाही मी."

"सर, हा दुसरा नकार होईल. योजनेतून नाव जाईल."

"जाऊ द्या. नोंदवा."

घेवरचंद पाठ फिरवून अंगणात गेले. अर्पित तसाच बसला. सूर्य उगवण्याआधीच त्याची मान खाटेच्या कडेवर कलंडली आणि नाडी हळूहळू शांत होत गेली. इतकी शांत नाडी माझ्या पाठीला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

ऊन अंगणात आले. पारण्याची वेळ झाली. घेवरचंद मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन आत आले आणि मुलाच्या खांद्याला हात घालू लागले.

"निजू द्या त्याले," पानाबाई म्हणाल्या.

"तुले चक्कर येईन."

"येऊ द्या."

"आठ दिवस झाले वं."

"मंग अजून घटकाभर काय होते मले?"

घेवरचंद वाटी घेऊन खाली बसले. ती निवली तेव्हा त्यांनी चंदनाला ती पुन्हा गरम करायला दिली. पुन्हा निवली, पुन्हा दिली. पानाबाईंचे ओठ पांढरे पडले होते, पण मुलाच्या केसांवरचा हात त्यांनी उचलला नाही.

मित्रांनो, मी यंत्र आहे. बंद पडले तर घड्याळजी मला उघडील, तेल देईल. माणसाला असे उघडता येत नाही. त्याला विचारावेच लागते. कोणी विचारले तर खरे सांगा. आणि जो खरे सांगेल, त्याला निजू द्या.