शहाडचा रूट

सकाळ. नौपाड्यातल्या औषधांच्या ऑफिसात परशुराम फायरवॉलसमोर, म्हणजे बाहेरची ये-जा राखणाऱ्या मशीनसमोर, बसतो. शहाडच्या गोदामापर्यंत माहिती कुठून जायची तो रूट हाताने टाकतो. सेव्ह करतो. मशीन म्हणतं, ठीक. गोदामातला जगन फोनवर ओरडतो, "आलं, आलं!" संध्याकाळी महिपतशेठ नियमाप्रमाणे मेन स्विच पाडतात.

सकाळ. रूट गायब. टाकतो. सेव्ह. ठीक. जगन म्हणतो, "काय राव, रोज नवा रस्ता बांधता का?" मेन स्विच.

सकाळ. गायब. "दिवाळीपर्यंत बघतो," शेठ म्हणतात. "दोन माणसं मला परवडत नाहीत. ज्याला जमेल तो राहील."

दुसरं माणूस सरोज.

सकाळ. गाय—

त्याआधी, खंडेनवमी. शेठ म्हणाले, मशीनचं डोकंही पूजेत ठेवा. मशीन ज्या फ्लॉपीवरून सुरू होतं, जिच्यावर सगळं लिहून ठेवतं, ती परशुरामने काढली. कुणाच्या हातून तिच्यावर काही पुसलं किंवा लिहिलं जाऊ नये म्हणून तिच्या कोपऱ्यातली पट्टी सरकवून ती बंद केली आणि झेंडूशेजारी ठेवली. दसरा झाल्यावर ती तशीच आत घातली. पट्टी उघडायला विसरला. सरोजने पाहिलं. आठवेल त्याला, असं तिला वाटलं. मग शेठ दोन माणसांचं बोलले.

सकाळ. परशुराम केबल बदलतो. आकडे तपासतो. पुस्तक उघडतो.

"परशुरामभाऊ, नारळ फोडा एक," सरोज म्हणते.

"हसू नकोस गं. तुला काही सुचतंय का?"

"मला बाई यातलं काय कळतंय!"

वसुबारस. शेठ परशुरामला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." परशुराम आधी सरोजकडे गेला. "आता रोज सकाळी तुलाच टाकावा लागेल. बस, दाखवतो." त्याने एकेक आकडा समजावला. तिने मान डोलावली, मध्ये एकदा "परत सांगा ना" म्हणाली.

तो जिना उतरल्यावर तिने फ्लॉपी काढली, पट्टी सरकवली, रूट टाकला, सेव्ह केला.

सकाळ. रूट जागेवर.

"बाईच्या हाताला गुण आहे!" शेठ म्हणाले.

अकराला फोन. परशुरामची बायको शेवंती, कोपरीहून, शेजाऱ्यांच्या घरातून. "ताई, यांना जरा देता का? डबा इथेच विसरून ऑफिसला गेलेत."

"थांबा हं, बोलावते," सरोज म्हणाली. रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि शेठना चहा सांगायला खाली गेली.