पोपटी म्हणजे हिरवाच

मुलीने सॅक दारातच टाकली आणि बूट न काढता माशांच्या टाकीखालचं कपाट उघडून गॅसच्या नळकांड्याची चावी घट्ट बंद केली. वर पाण्यात सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करत होते.

"बाबा, किती सोडलास गॅस?"

"थोडाच. मग परत थोडा. झाडं मलूल पडली होती गं. आणि तुझा तो गोळा बघावा तेव्हा निळाच."

टाकीच्या काचेला आतून चिकटवलेला तो बोराएवढा गोळा तिनेच लावला होता. पाण्यात झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड कमी पडला की गोळ्यातला द्राव निळा होई, बेताचा असला की हिरवा, आणि माशांना गुदमरवण्याइतका झाला की पिवळा. आता तो पिवळाधमक होता.

"तो उशिरा सांगतो. दीड-दोन तास लागतात त्याला. बोलले होते मी तुला."

बोलली होती. तेव्हा तो फोनवर होता आणि नुसता हं हं करत होता. लोकांना गाडी चालवायला शिकवणारा माणूस हा. शिकणाऱ्याने विचार करायच्या आत याचा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर. बायको मुलीला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, तेव्हापासून मुलगी रविवारी दुपारी येई. ती टाकीसाठी येते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर टाकी हिरवीगार ठेवायचा हा आटापिटा. मासे गेले की रविवारही गेले.

तिने गाळणीच्या पंपाची नळी पाण्याबाहेर उचलून धरली. वरून धार पडू लागली, पाणी ढवळलं, आणि हळूहळू एकेक मासा खाली सरकला. एक तेवढा सरकला नाही. तिने त्याला जाळीने अलगद बाहेर काढलं.

"म्हातारा झालाच होता तो," ती म्हणाली.

हे धादांत खोटं होतं. तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. म्हणताना त्याला वाटलं, हे बोलायला आपल्याला किती सोपं गेलं. मग आजवर कुठे घोडं अडलं होतं?

तिने आईला फोन लावला. "इतक्यात येऊ नकोस गं न्यायला. गोळा हिरवा झाला की कळवते."

दोघं टाकीसमोर जमिनीवर बसली. तिने कॉलेजच्या गमती सांगितल्या, त्याने कुंपणात गाडी घालणाऱ्या दंतवैद्याची गोष्ट सांगितली. ती खळखळून हसली. मात्र त्याचा एक डोळा गोळ्यावरच होता. बिघडवलं ते आपण निस्तरलं, हे तिला दाखवायची त्याला कोण घाई झाली होती.

"बाबा," ती गुडघ्याभोवती हात गुंफून म्हणाली, "आई परवा तुझ्याबद्दल बोलत होती. म्हणाली, की..."

"झाला! बघ, बघ, झाला हिरवा!"

गुडघ्याभोवती गुंफलेले हात तिने सोडवले. मग गोळ्याकडे नीट बघून म्हणाली, "मला अजून पिवळटच वाटतोय."

"छे गं! पोपटी आहे चांगला. पोपटी म्हणजे हिरवाच."

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "हिरवाच आहे." आणि तिने फोन उचलला.

आईची गाडी खाली आल्यावर मुलीला लिफ्टपर्यंत सोडून तो खुशीत परतला. टाकीपुढे वाकला. गोळा जेमतेम पोपटी होता, हिरवा व्हायला अजून बराच अवकाश होता. मुलीची नजर काही अधू नव्हती. तो खिडकीशी धावला, तर खाली गाडीचं दार लागत होतं.

त्याने फोन लावला.

"काय म्हणाली होती गं आई?"

पलीकडून इंजिनाची घरघर ऐकू आली.

"राहू दे आता, बाबा," ती हळूच म्हणाली. "ती शेजारी बसलीय."