बायकोचा फोन

"दादा, दुनियेचे फोन उघडतोस आणि घरचा एक उघडेना?" वहिनीच्या उशा सारख्या करता करता बहिणीनं विचारलं.

दादा मोबाईल दुरुस्तीवाला. एरवी फोनच्या सुरक्षेवर त्याचं तोंड बंद होत नसे. स्क्रीन बदलायला आलेलं गिऱ्हाईक व्याख्यान ऐकल्याशिवाय सुटायचं नाही. फोटो इंटरनेटवर साठवणं म्हणजे आपले दागिने परक्याच्या कपाटात ठेवणं. चेहऱ्यानं उघडणारा फोन म्हणजे सताड उघडं दार. घरातली सुखदुःखं गावभर पाठवणाऱ्यांची तर तो अक्कलच काढायचा. दुरुस्तीला आलेल्या फोनमध्ये कोण कोण डोकावतं, हे त्यानं धंद्यात पाहिलं होतं. म्हणून बायकोचा फोन त्यानं स्वतः बंदोबस्तात ठेवला. इंटरनेटवर कशाचीही प्रत नाही, उघडायचा आकडा फक्त तिला ठाऊक, आणि तो ठरावीक वेळा चुकला की आतलं सगळं आपोआप पुसलं जाणार. "आता ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही!" तेव्हा तो फुशारकीनं म्हणाला होता.

मुलगा अपघातात गेला, त्याचा फोनही चिरडला. उरले ते तिच्या फोनमधले त्याच्या आवाजातले निरोप. नोकरीच्या गावाहून तो रोज पाठवायचा. "आई, जेवलीस का? मी जेवलो. खोटं नाही सांगत." दुपारी ती तेच ऐकत बसायची. मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आकडाही गेला. तो दुकानात असताना ती डाव्या हातानं फोनशी झटत राहिली. त्याला कळलं तेव्हा एकच संधी उरली होती. त्यानं फोन कपाटात ठेवला. तेव्हापासून ती कपाटाकडे बघून रडायची.

"तूच टाकून बघ की. लग्नाची तारीख, त्याचा वाढदिवस..."

"आणि चुकलो तर?"

"मग काय, असाच कपाटात ठेवणार जन्मभर? तिचं पोर आहे त्यात."

तो उठला. फोन काढून त्यानं बायकोसमोर धरला.

"अगं, आकडा आठवला का?"

तिनं जोरजोरात मान डोलावली. तिच्या डोळ्यांत इतकी खात्री होती, की क्षणभर त्यालाही खरं वाटलं.

"घाई करू नकोस. चुकलं तर सगळं जाईल. कळतंय ना?"

तिनं पुन्हा तशीच मान डोलावली. मग एकेक आकडा दाबला. शेवटचा दाबताना ती हसली.

स्क्रीन काळी झाली आणि बराच वेळ काळीच राहिली. मग उजळली. खोक्यातून नुकत्याच काढलेल्या फोनसारखं त्यावर 'स्वागत आहे' असं आलं. बहिणीनं तोंडावर हात धरला.

"अगं..." तो सांगू लागला. आपणच आपल्या हातानं पोराला पुसलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तिनं डोळे वटारून त्याला गप्प केलं. त्याचं मनगट धरून फोन आपल्या कानाशी ओढला आणि ती ऐकू लागली. त्यानं तो तिथेच धरून ठेवला.