झिपरी आणि कात्री

"सलूनवाल्याच्या घरात केसाळ कुत्री? म्हणजे धंदा घरातच वाढवला म्हणा की!" मास्तर म्हणाले. मास्तर हे आमच्या यांचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. डोक्यावर मोजून चार केस, तरी दर आठवड्याला खुर्चीत हजर.

हौस माझी होती. मुलगी नोकरीसाठी लांब गेली. पुढच्या खोलीत यांचं सलून, मागच्या खोलीत मी आणि चार भिंती. सोडून दिलेली कुत्री सांभाळणाऱ्या संस्थेतल्या बाई म्हणाल्या, "आठ दिवस नेऊन बघा. दोन घरांनी परत केलीय हिला. तिसऱ्यांदा आली, तर मग आम्हीही कुणाला देणार नाही." म्हणजे उरलेला जन्म पिंजऱ्यात. विचार मी करायचा आणि जीव टांगणीला तिचा.

झिपरी वीतभर उंचीची. डोळे केसांत हरवलेले, कानांमागे केसांच्या गाठीच गाठी. पहिल्या सकाळी सलून उघडलं आणि ती पलंगाखाली जी घुसली, ती संध्याकाळीच बाहेर आली. दुसऱ्या दिवशी तेच. कारण कळेना, म्हणून बाईंना फोन केला. आधीच्या घरी तिला बांधून, ओरबाडून भादरली होती म्हणे. तेव्हापासून कात्री वाजली की तिची गाळण उडते.

आणि यांची कात्री तर सदा वाजणारी. एक बट कापायची आणि चार वेळा हवेत कचकच करायचं, ही चाळीस वर्षांची सवय. टीव्ही बघताना हात रिकामा असतो, तरी बोटं आपली चालूच.

"हवेत कसले केस कापता हो? नका ना वाजवू," मी म्हणाले.

"बघतो. पण हात ऐकत नाही गं."

"तुमचाच आहे ना? की भाड्याने आणलाय?"

बिचाऱ्यांनी ते मनावर घेतलं. पाचव्या दिवशी अंगठा आवरून, आवाज न करता मास्तरांचे केस कापायला गेले. हाताची लय चुकली आणि कात्री मास्तरांच्या कानाला लागली. यांच्या हातून आजवर कुणाला साधा ओरखडाही आला नव्हता. मास्तर कानाला कापूस लावून हसले, "दुसरा कान पुढच्या आठवड्यात!" हे हसले नाहीत. दुपारी ताटावरूनही तसेच उठले.

मला माझाच राग आला. हौस माझी आणि शिक्षा यांना. झिपरीचाही आला. अगं बाई, या माणसाने कधी मुंगी मारली नाही, आणि तू याला घाबरतेस? चाळीस वर्षांचा हात काही मी बदलून आणू शकत नव्हते. सातव्या दिवशी बाईंना कळवलं, घेऊन जा. "उद्या दुपारी येते, निघताना फोन करीन," त्या म्हणाल्या. फोन ठेवला आणि ढसाढसा रडले.

दुसरा दिवस रविवार, सगळ्यांत गर्दीचा. यांनी बारालाच सलून बंद केलं. कात्री खणात टाकली आणि येऊन पलंगाला पाठ लावून फरशीवर बसले. "निरोप तरी घेऊ," म्हणाले. मी झिपरीची वाटी आणि चादर पिशवीत भरत होते.

यांचा उजवा हात बाजूला फरशीवर पडला होता. बोटं चालूच होती. आवाज मात्र नव्हता.

पलंगाखालून एक ओलं नाक आलं. झिपरी बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिली. मग पोटावर सरपटत पुढे आली, वास घेतला आणि चालत्या बोटांमध्ये तोंड खुपसलं.

बोटं थांबली. लग्नात माझा हात हातात घेतला, तेव्हासुद्धा ती थांबली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. "तू घे," हे कुजबुजले. "माझा हात अडकलाय."

फोन घेईपर्यंत मी काय तो विचार केला. उद्या पुन्हा कात्री वाजणार. ही पलंगाखाली पळणार. कानांमागच्या गाठी यांना बोटांनीच सोडवाव्या लागणार, एकेक करून.

"बाई, निघू नका," मी म्हणाले.

"अहो, पण मग आवाजाचं काय?"

"आवाज राहणार. पलंगही राहणार. सलून सहाला बंद होतं, तेव्हा येते ती बाहेर."

मी पिशवीतून वाटी काढली, पाण्याने भरली आणि यांच्या हाताजवळ ठेवली.