भिंतीतले जोड

मास्तरांच्या तळहाताला भिंत गरम लागली. बायको खिडकीला पडदा अडकवत होती, तिचं लक्ष नव्हतं. मास्तरांनी हात काढून घेतला आणि उगाचच बाहीवरची धूळ झटकली.

खोली लेकीसाठी तयार होत होती. जावई कामानिमित्त परगावी गेला होता, म्हणून लेक दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन उद्या सकाळी राहायला येणार होती, ती चांगली तीन महिन्यांसाठी. बाळाला गारठा लागू नये म्हणून मास्तरांनी नवा हीटर आणला होता आणि तो नीट चालतो का ते बघायला सकाळपासून लावून ठेवला होता. हीटर झकास चालत होता. गरम झाली होती ती भिंत, आणि तीही बोर्डापासून दोन हात लांब, जिथे त्यांनी कालच पाळणा आणून ठेवला होता तिथे.

त्या भिंतीत काय आहे हे जगात एकट्या मास्तरांना ठाऊक होतं.

मास्तर म्हणजे शिंपी, बत्तीस वर्षं मशीनवर बसलेले. घर बांधायला काढलं तेव्हा बायकोचा धाकटा भाऊ, जो वायरमनच आहे, आपण होऊन म्हणाला होता, "दाजी, वायरिंगचं माझ्यावर सोडा." पण मास्तर अडून बसले. मशीनची मोटर त्यांनी स्वतः तीनदा दुरुस्त केलेली, दुकानातले दिवे स्वतः लावलेले. "वायर म्हणजे काय रे, जाडा दोराच," असं ते चार माणसांत बोलले. मेव्हण्याला ते झोंबलं. बरं म्हणून तो निघून गेला आणि घर पुरं होईपर्यंत तिकडे फिरकला नाही.

मास्तर रोज संध्याकाळी दुकान बंद करून घरावर येत आणि काम करत. भिंतीत पाइप बसवले, त्यांतून वायर ओवल्या, बोर्ड लावले. दिसायला काम देखणं झालं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण हाडाचा शिंपी तुकडा टाकत नाही. बोटभर कापड उरलं तरी घडी घालून ठेवतो, कधी कॉलरच्या आत जातं, कधी खिशाच्या अस्तराला लागतं. मास्तरांनी वायरींचंही तेच केलं. हातभर तुकडा उरला, ठेवला. वीतभर उरला, तोही ठेवला. नव्या गुंडाळीला हात लावण्याआधी ते हे तुकडे एकमेकांना पिळून, वर टेप गुंडाळून, पाइपात सारून देत. दुकानातल्या जुन्या बारीक वायरीसुद्धा अशाच जाड वायरींना जोडून आत गेल्या. जोड इतके सफाईदार की बोट फिरवलं तरी कळू नये. जोड दिसला तर तो शिंपी कसला, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. मग वरून गिलावा झाला, रंग झाला, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली. राहायला येऊन महिना झाला होता, पण आजवर घरात नुसते दिवे आणि पंखेच चालले होते. हीटरसारखं दांडगं यंत्र आज पहिल्यांदाच लागलं होतं.

मास्तरांनी गुपचूप हीटर बंद केला.

"का हो बंद केला?" बायकोने विचारलं.

"झालं की बघून."

ती पाळण्यापाशी आली, भिंतीला टेकली आणि दचकून सरळ झाली. "अहो, ही भिंत अशी कशी तापलीय?"

"ऊन आलं असेल."

"आतल्या भिंतीवर ऊन? काहीतरीच!" असं म्हणत तिने सरळ भावाला फोन लावला. मास्तर जागेवरच उभे राहिले.

मेव्हणा अर्ध्या तासात पिशवी घेऊन हजर झाला. त्याने भिंतीला हात लावून पाहिला, मेन स्विच खाली केला आणि परत येऊन सरळच विचारलं, "दाजी, पाइपात जोड दिलेत?"

"दिलेत थोडे."

"थोडे म्हणजे किती?"

बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. "तीन," मास्तर म्हणाले. तीन हा आकडा कुठून आला, देव जाणे. तीन चुका कुणाच्याही हातून होतात, असं काहीसं त्यांच्या मनात असावं.

त्यांनी तीन जागा दाखवल्या. ही एक, स्वयंपाकघरातली एक, पुढच्या खोलीतली एक. एवढ्याच त्यांना पक्क्या आठवत होत्या. मेव्हण्याने छिन्नीने भिंत फोडली. पाळण्यामागच्या पाइपात टेप वितळून काळी झाली होती आणि तिचा घाण वास खोलीभर सुटला. त्याने तो जोड कापून मास्तरांच्या हातावर ठेवला. टोमणा मारला नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. तिन्ही ठिकाणी त्याने नवी वायर घातली, जोडांना डब्या बसवल्या. चार वाजले.

"दाजी, अजून कुठे जोड असेल तर आत्ताच सांगा. म्हणजे सगळ्या वायरी काढून नव्या घालू. आठवडा जाईल, पण जाऊ दे."

आठवडा म्हणजे लेकीला येऊ नको म्हणायचं. का, ते सांगायचं. "नाही रे," मास्तर म्हणाले, "तीनच."

"मग आता काळजी नाही ना?" बायकोने भावाला विचारलं.

"दाजी म्हणतायत ना तीन, मग नाही." त्याने मेन चालू केला आणि पिशवी उचलली.

बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने पाळणा समोरच्या भिंतीशी सरकवला आणि आत दुपटं अंथरायला घेतलं. "इथे बरं," ती म्हणाली.

मास्तर त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. हिच्यात किती? गिऱ्हाइकाच्या मनगटाचंसुद्धा माप वहीत लिहून ठेवणारा माणूस, पण याचं कुठे एक अक्षर लिहिलं नव्हतं. मांडीवर घेतलेले तुकडे आठवत होते, टेपचा चिकटपणा आठवत होता, भिंत आठवत नव्हती. त्यांनी हात लावून पाहिला. गार होती. पण सकाळी ती तापलेली भिंतही गारच होती.

ते धावत बाहेर गेले. मेव्हणा स्कूटर सुरू करत होता.

"तीन नाहीत," मास्तर म्हणाले.

"मग किती? पाच? सहा?"

मास्तरांनी स्कूटरचं हँडल धरलं. "माहीत नाही रे. वीस असतील, चाळीस असतील. जितके तुकडे हाताला लागले तितके घातले."

मेव्हण्याने स्कूटर बंद केली. आत जाऊन मेन पाडला, फ्यूज काढून खिशात टाकला आणि म्हणाला, "ताई, पोरीला सांग, येऊ नको म्हणावं."

"का? आता काय झालं?"

त्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनाच बोलावं लागलं. बायको ऐकत होती, तिच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. मग तिने लेकीचा नंबर लावला आणि फोन नवऱ्यापुढे धरला. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

"बाबा!" लेक पलीकडून बोलली. "आमच्या बॅगा भरून झाल्या. बाळाला मघापासून सांगतेय, आजोबांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या घरात जायचंय म्हणून."

"येऊ नकोस, बाळा," ते म्हणाले. "वायरिंग मी नासवून ठेवलंय. कुठली भिंत कधी पेटेल सांगता येत नाही. मामाने विचारलं तर त्याच्याशीही खोटं बोललो. आणखी थोडा वेळ गप्प राहिलो असतो, तर उद्या तू तसल्याच भिंतीशी पोराला निजवलं असतंस. चूक माझी आहे, एकट्याची."



"बाबा," लेक म्हणाली, "म्हणजे महिनाभर आई त्याच घरात झोपत होती?"

बाळाचा विचार त्यांनी आज शंभर वेळा केला होता. हा एकदाही केला नव्हता. बायको समोरच उभी होती आणि फोनमधला शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.

"हो," मास्तर म्हणाले.