माझी ठिणगी आणि मालकांचा हात

मी एक जुनी मोटारसायकल आहे. यंत्रयुगाच्या इतिहासात माझे स्थान अढळ आहे. अढळ म्हणजे, गेले अडीच महिने मी जिन्याखालून हललेली नाही.

मित्रांनो, कारखान्यातून आले तेव्हा मी पहिल्या किकला सुरू होत असे. पुढे माझे वय झाले आणि मालकांचा लौकिक वाढला. मला सुरू करणे त्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही, असा तो लौकिक. मला साइड-स्टँडवर डावीकडे कलती करायची, चावी न फिरवता दोन रिकाम्या किक, खाली वाकून पेट्रोलचा कॉक उघडायचा, टाकीवर थोपटायचे, मग खरी किक. कधी पाचवी लागे, कधी पंधरावी. शेजारी खिडकीत जमत. "याला हात लागतो," असे मालक त्यांना सांगत. मालकीणबाई मागून ढकलत आणि एवढेच म्हणत, "हात यांचा आणि धक्का माझा."

एके दिवशी पन्नासावी किकही वाया गेली. मालक वर गेले आणि दुसऱ्या दिवसापासून बसने जाऊ लागले. कुणी विचारले, तर गुडघ्याचे नाव पुढे करत.

मग लेक सुट्टीवर आली. ती कारखान्यात यंत्रे दुरुस्त करते. वडील केस कापायला गेलेले पाहून तिने माझे झाकण उघडले. उघडझाप करून ठिणगी पाडणारे पॉइंट किडक्या दातांसारखे झाले होते. ते जळू नयेत म्हणून बसवलेला अंगठ्याएवढा कंडेन्सर केव्हाच निवृत्त झाला होता, फक्त खुर्ची सोडत नव्हता. प्लगच्या वायरीचे रबर तडकले होते. तिने सगळे बदलले, प्लगसुद्धा. पॉइंटमधली फट पातळ पट्टीने मोजली आणि किक मारली.

मी पहिल्याच किकला सुरू झाले. माझे मलाच अवघडल्यासारखे झाले.

पाच मिनिटांनी आवाज ऐकून मालकीणबाई धावत खाली आल्या. "बंद कर आधी. इतकी वर्षं आपण ज्याला हात म्हणत होतो, तो एवढासा डबा होता, हे त्यांना कोण सांगणार?" त्यांनी जुना कंडेन्सर मुठीत लपवला.

मालक परतले, तेव्हा मी चिडीचूप होते. लेक म्हणाली, "बाबा, जरा साफसफाई केली. पण मला काही सुरू करता येईना. तुम्हीच बघा."

मालकांनी मला कलती केले. दोन रिकाम्या किक मारल्या. कॉक उघडायला वाकले आणि त्यांचा हात इंजिनला लागला. इंजिन गरम होते.

ते तसेच वाकून राहिले. मग उठून त्यांनी टाकीवर थोपटले, चावी फिरवली आणि किक मारली. मी लगेच सुरू झाले. खिडकीतून कुणीतरी वाहवा केली.

मालकांनी लेकीच्या काळ्या बोटांकडे पाहिले. "म्हटलं होतं ना, हात लागतो," ते म्हणाले. "बस पुढे. आज मी मागे बसतो."

"आणि मी?" मालकीणबाईंनी विचारले.

"तुला आता सुट्टी."

मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्रांचे झिजलेले भाग वेळेवर बदला, आणि म्हाताऱ्या माणसांचा मान राखा. माझे सगळे छान चालले आहे. फक्त कुणीतरी हाक मारून त्या दोघांना सांगा, साइड-स्टँड अजून खालीच आहे.